देवाला द्यायचे पैसे : सातारा-सांगलीकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

गावच्या देवळाचा हिशेब मी बावीस वर्षं लिहिला. सुरुवात यात्रा कमिटीच्या वहीपासून झाली. पुढं ट्रस्ट नोंदवला, तेव्हा कागदपत्रांचं कामही माझ्याकडंच आलं. तेव्हापासून माणसं विचारत आली आहेत : आधी पारावर, मग फोनवर, आता व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यातले जे प्रश्न चुकत नाहीत ते इथं एकत्र केलेत. कायद्याचं ते कायद्याचं म्हणून सांगितलंय, रीतीचं ते रीतीचं म्हणून, आणि माझं मत असेल तिथं ते माझं आहे असं लिहिलंय.

१. दान, दक्षिणा, देणगी, वर्गणी, शिधा : शेवटी सगळं एकच ना?

नाही, आणि गावातली निम्मी भांडणं याच घोळातून होतात. दक्षिणा ज्यानं पूजा सांगितली त्याची, त्याच्या हातात द्यायची. देणगी ट्रस्टची. वर्गणी म्हणजे गावानं मिळून ठरवलेला वाटा, बहुतेक ठिकाणी घरटी. शिधा म्हणजे पीठ, तांदूळ, डाळ, गूळ असं कोरडं. दान म्हणजे दिलं आणि विसरलं. कळसासाठी काढलेले पैसे पुजाऱ्याच्या हातात दिले आणि वर्षानं कळसाची चौकशी केली, तर चूक पुजाऱ्याची नसते. देतानाच तोंडानं सांगावं, हे कशाचे म्हणून.

२. ५१, १०१, ५०१... वरचा एक रुपया कशाला? आणि सव्वा रुपया आता द्यायचा कसा?

पूर्ण आकड्यावर शेवट नको, पुढं चालू राहू दे, ही त्यामागची भावना. शून्यावर थांबायचं नाही, एवढंच. सव्वा रुपयाचंही तेच. पण पावली, म्हणजे २५ पैशांचं नाणं, ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. तेव्हापासून खरा सव्वा रुपया कुणालाच देता येत नाही. बरेच पुरोहित आता सव्वाच्या जागी ११ किंवा २१ घेतात. काही घरांत एक रुपया आणि सोबत सुपारी ठेवतात. दोन्ही चालतं. वरच्या रुपयासाठी देवळाबाहेर नोट मोडत फिरू नका, शंभराची नोट देवाला अपुरी पडत नाही.

३. पेटीत टाकू की आरतीच्या ताटात? ताटातले पैसे कुणाचे होतात?

पेटी ट्रस्टची. ताट बहुतेक गावांत पुजाऱ्याचं : गुरव असतील तर ज्यांची पाळी असेल त्यांचं. गाभाऱ्यात देवापुढं टाकलेली नोट कुणाची, हे गावागणिक बदलतं. कुठं ती पाळीवाल्याची, कुठं वाटणी ठरलेली. हे हक्क जुने आहेत आणि त्यावर कोर्टात पिढ्या गेल्यात. पंढरपुरात बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे हक्क १९७३ च्या कायद्यानं काढले आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला २०१४ उजाडलं. आपल्याकडच्या छोट्या देवळांत मात्र ताटावरच गुरवाचं घर चालतं. सकाळी पाचला उठून देवाला पाणी घालणाऱ्याला महिन्याचा पगार कुणी देत नाही, हे लक्षात ठेवून ताटात हात सैल सोडावा असं मला वाटतं. बांधकामासाठी द्यायचं असेल तर ताटही नको, पेटीही नको. पावती फाडून घ्या.

४. पावती मागितली तर देवावर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही का?

यात्रेच्या आधी देवळापुढं टेबल टाकून आम्ही पावत्या करत होतो. खुरपणीवरनं एक आजी थेट आली. हाताला माती, पदराच्या गाठीतनं सोडवलेली दहाची नोट, घामानं ओली. मी म्हटलं, "आजी, पेटीत टाका की. दहाची काय पावती फाडायची?" आजी टेबलावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "माझं धा देवाला दिसत्यात, तुझ्या वहीला दिसत न्हाईत व्हय?" मी पावती फाडली. आजीनं ती चार घड्या करून त्याच गाठीत बांधली.

तेव्हापासून आमच्याकडं रकमेची अट नाही. पावती देवासाठी नसते, ती मधल्या माणसांसाठी असते. पावतीवर ट्रस्टचं नाव, नोंदणी क्रमांक, छापील अनुक्रमांक आणि देणगीचं कारण एवढं असलंच पाहिजे. साध्या वहीचं पान फाडून दिलेला कागद पावती नव्हे. सोनं-चांदी दिलीत तर वजन लिहून घ्या. "एक डोरलं" एवढंच लिहिलं तर उद्या ते डोरलं किती ग्रॅमचं होतं हे सांगायला कुणी उरत नाही.

पेटीतल्या पैशांना पावती नसते. तिथं मोजणी हीच पावती. आम्ही पेटी उघडतो ती विश्वस्त, पुजारी आणि गावातली दोन त्रयस्थ माणसं जाजमावर बसल्यावरच. नाण्यांना कुंकू चिकटलेलं असतं, नोटांना तेलाचा वास. एकमेकींत घुसलेल्या घड्या सोडवायलाच अर्धा दिवस जातो. नोटांच्या घडीतनं चिठ्ठ्या निघतात, पोराच्या नोकरीच्या, दवाखान्याच्या. त्या आम्ही वाचत नाही, देवापुढं ठेवतो. शेवटी आकडा लिहून सगळ्यांच्या सह्या होतात आणि दुसऱ्या दिवशी भरणा बँकेत जातो. तुमच्या गावात पेटी एकटा माणूस रात्री उघडत असेल, तर तो माणूस कितीही सज्जन असो, ही रीत बदला. त्याच्यासाठीसुद्धा बदला, कारण उद्या बोट त्याच्याकडंच दाखवलं जाईल.

५. देवळात क्यूआर कोड लावलाय. पैसे टाकू का?

टाका, पण स्कॅन केल्यावर फोनवर कुणाचं नाव येतंय ते वाचूनच. देवस्थानाचं किंवा ट्रस्टचं नाव यायला हवं. एखाद्या माणसाचं नाव आलं तर थांबा आणि कार्यालयात विचारा. मूळ कोडावर दुसरा कागद चिकटवून पैसे वळवण्याचे प्रकार होतात, म्हणून विश्वस्तांनीही रोज सकाळी आपलाच कोड एकदा स्कॅन करून बघावा. यूपीआयनं दिलेल्या पैशांची पावती आपोआप होत नाही, ती मागावी लागते (प्रश्न ४).

६. ऐपत नाही. किती दिलं म्हणजे चालतं?

काहीच दिलं नाही तरी चालतं. सज्जनगडावर आणि गोंदवल्यात हजारोंना प्रसादाचं जेवण मिळतं, पंगतीत बसताना तुम्ही काय दिलंत हे कुणी विचारत नाही. हीच आपल्या भागाची खरी रीत आहे असं मी मानतो. द्यावंसंच वाटलं तर अंगमेहनत द्या. यात्रेच्या आदल्या दिवशी देवळाचं आवार झाडणारा, पंगतीत वाढणारा, पाण्याचा टँकर घेऊन उभा राहणारा माणूस आमच्या वहीत देणगीदारांच्याच यादीत असतो.

कर्ज काढून, दागिना गहाण टाकून देवाला देऊ नका. घरातली बाई तोंडानं बोलत नसते, पण गहाण पडलेला दागिना बहुधा तिचा असतो.

७. यात्रेची वर्गणी घरटी ठरली. आम्ही दिली नाही तर गाव काय करू शकतं?

कायद्यानं काहीच नाही. वर्गणी ही मर्जीची गोष्ट आहे, तिची वसुली होत नाही. पण पालखी दारात न थांबवणं, मान काढून घेणं, लग्नाकार्याला जाऊ नका म्हणून सांगणं, असले प्रकार ऐकू येतात. एखाद्या कुटुंबाला समाजानं असं वाळीत टाकलं तर तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात त्यासाठी सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांत करता येते.

हे झालं शेवटचं टोक. त्याआधी एक सांगतो. वर्गणी न देणारी बहुतेक घरं चिकट नसतात, अडचणीत असतात, आणि चारचौघांत ते सांगायची लाज वाटते. आमच्या कमिटीत एक रीत आहे : ज्या घरात त्या वर्षी मयत झालंय, मोठं आजारपण आलंय किंवा पीक गेलंय, त्या घराकडं वर्गणीला जायचंच नाही. यादीत त्या नावापुढं काही न विचारता "जमा" लिहायचं आणि तेवढी भर कमिटीनं घालायची. हे गावात कुणाला कळत नाही. कळू नये हीच अट आहे.

लग्न होऊन गेलेल्या लेकींकडं वर्गणी मागावी का, असंही विचारतात. हक्कानं मागू नये. माहेरच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला लेकी आपण होऊन भरभरून देतात. फक्त मग पाटीवर नाव घालताना त्यांचंही घाला, नुसतं जावयाचं नको.

८. आमचं गणेश मंडळ ट्रस्ट म्हणून नोंदवलेलं नाही. वर्गणी गोळा करू शकतो का?

धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी घेऊन करू शकता. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधल्या कलम ४१ क खाली ती मिळते. उत्सव झाला की हिशेब सादर करावा लागतो. ही पायरी चुकवली की पुढच्या वर्षी अडचण येते. दारात वर्गणीला आलेल्या पोरांना तुम्ही हा परवानगीचा कागद खुशाल मागू शकता.

९. लाउडस्पीकरवरून रकमेसकट नावं पुकारणं, नोटांच्या माळा घालणं, हे बरोबर आहे का?

याच्या दोन बाजू आहेत आणि मला दोन्ही कळतात. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या रथाला भाविक नोटांच्या माळा घालतात. रथ गावातनं फिरून येईपर्यंत नोटांनी झाकून गेलेला असतो आणि मग ती रक्कम मोजून जाहीर होते. बघणाऱ्याला तो पैशाचा देखावा वाटेल. पण मी त्या गर्दीत उभा राहिलोय. तिथं दहाची नोट आणि पाचशेची नोट एकाच दोऱ्यात ओवलेली असते आणि कुठली कुणाची हे कुणी सांगू शकत नाही. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मोजलं, यात वाईट काय?

स्पीकरवरचं पुकारणं वेगळं. "अमुक यांच्याकडून पंचवीस हजार" झालं की शेजारच्याला तीस म्हणावंच लागतं, मग त्याच्या घरी त्या रात्री चूल पेटो न पेटो. आम्ही आता नावं पुकारतो, रक्कम नाही. यादी आकड्यांसकट देवळाच्या भिंतीवर लागते, ज्याला बघायची त्यानं बघावी. गुप्तदान करायचं असेल तर तसं सांगा. पावती तरीही घ्या, यादीत फक्त "गुप्तदान" येईल.

१०. नवस बोललो, आता तेवढे पैसे नाहीत. काय करू?

थांबा. नवसाला व्याज नसतं. सूतक, आजारपण, दुष्काळ, पूर, सगळ्यात नवस पुढं ढकलायची रीत आपल्याकडं आहेच. रक्कम आवाक्याबाहेर गेली असेल तर देवापुढं उभं राहून, जमेल तेवढं ठेवून, नारळ वाढवून तसं बोलायचं. आमचे गुरव म्हणतात, बोललेलं देवाशी होतं, तर मोडतोडही देवाशीच करावी, गावाला कशाला विचारायचं? मला हे पटतं. जमेल तेव्हा थोडं थोडं देऊन पुरं केलं तरी नवस फिटला असंच धरतात.

११. नवस बोकडाचा होता. त्याऐवजी पैसे दिले तर?

चालतात. मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेच्या काळात पशुबळीला प्रशासनाची मनाई असते. तिथं २५ जानेवारी २००५ ला यात्रेत चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे माणसं गेली, त्यानंतर बंदोबस्त फार कडक झाला. आता बरीच घरं नारळ आणि पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात, आणि बोकडाची किंमत अन्नदानाला देतात. त्यावर देवी कोपल्याचं मी तरी पाहिलं नाही.

१२. "घरात दोष आहे, २१ हजारांची शांती करा, नाहीतर पोराच्या जिवाला धोका आहे" असं सांगितलंय. देऊ का?

देऊ नका. श्रद्धेनं करायच्या शांतीला कुणाची हरकत नाही, पण पोराच्या जिवाची भीती घालून सांगितलेली रक्कम ही दक्षिणा नव्हे. अंगात शक्ती असल्याचा दावा करून, भूतबाधेची भीती घालून पैसे उकळणं हा जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. हा कायदा २०१३ साली झाला, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य घातलं आणि त्यांच्या खुनानंतरच तो आला. आपल्या पूजा-अर्चेला, वारीला, उपासाला त्यानं हात लावलेला नाही. पोरगं आजारी असेल तर आधी डॉक्टरकडं न्या. अंगारा त्यानंतरही लावता येतो.

१३. देवळाला दिलेल्या पैशांवर आयकरात सूट मिळते का?

गावच्या देवळाला दिलेल्यावर बहुधा नाही. ८०-जी म्हणून ओळखली जाणारी सवलत मुख्यतः धर्मादाय कामाला आहे, एकाच धर्मापुरत्या संस्थेला ती सहसा लागू होत नाही. सरकारनं अधिसूचित केलेल्या काही प्रसिद्ध धर्मस्थळांच्या दुरुस्तीला दिलेली देणगी हा अपवाद. सवलत असलेल्या संस्थेलासुद्धा दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर ती धरत नाहीत, चेक किंवा ऑनलाइन हवं. साडी, धान्य, दागिना यांवर सूट नाही. आणि नव्या करप्रणालीत असाल तर हा विषयच संपला. पावतीवर "८०-जी" छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. ट्रस्टनं तुमचा पॅन घेऊन प्रमाणपत्र दिलं तरच ती सवलत खरी.

१४. ट्रस्टचा हिशेब साध्या भक्ताला बघता येतो का? विश्वस्त दाद देत नाहीत.

त्या देवळात नेहमी दर्शनाला जाणारा माणूस कायद्याच्या भाषेत "हितसंबंधी व्यक्ती" ठरतो. ट्रस्टला दरवर्षी हिशेब तपासून धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. आधी विश्वस्तांना लेखी मागा आणि पोच घ्या. उत्तर आलं नाही तर सातारा किंवा सांगलीच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा. सांगली जिल्ह्यातली बरीच देवळं कोल्हापूरच्या पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीकडं आहेत. तुमचं देऊळ त्यांत असेल तर विचारणा तिथं करायची.

तोंडी आरोप चावडीवर करू नका. मी हिशेब लिहायचो तेव्हा एकदा चार हजारांचा मेळ लागत नव्हता. आठ दिवस गावात कुजबुज चालली. मंडपवाल्याचं बिल दोनदा लिहिलं गेलं होतं, चूक माझी होती. कुणीतरी समोर येऊन वही मागितली असती तर पहिल्याच दिवशी सापडली असती.

१५. आजोबांनी देवाला जमीन दिली होती. आता ती आम्हाला परत मिळेल किंवा विकता येईल का?

नाही. हिंदू कायद्यात देव हा स्वतः मालमत्तेचा धनी असतो, पुजारी किंवा वहिवाटदार फक्त सांभाळणारा. मध्य प्रदेशातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२१ साली हेच पुन्हा सांगितलं. देवस्थान इनाम वर्ग ३ ची, म्हणजे पूर्वी सरकारनं देवाला इनाम दिलेली, जमीन सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि नोंदणी झालेल्या ट्रस्टची कुठलीही स्थावर मिळकत विकायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. सातबारा काढून कब्जेदाराच्या जागी देवाचं नाव आहे ना, ते बघा. नसेल तर तलाठ्याकडं तेव्हाच हालचाल करा. आता नव्यानं जमीन द्यायची असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा आणि मुलांच्या देखत करा.

१६. देवासाठी काढून ठेवलेले पैसे शाळेला किंवा पूरग्रस्तांना दिले तर पाप लागेल का?

पैसे अजून तुमच्याच कपाटात असतील तर खुशाल द्या. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली, तेव्हा कितीतरी घरांनी त्या वर्षीची वर्गणी भाकरी, चादरी आणि औषधांना लावली. गणपतीही साधेपणानं बसवले.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. तिची वसतिगृहं चालावीत म्हणून घराघरातनं रोजचं मूठभर धान्य बाजूला काढून दिलं जायचं, त्याला मुष्टिफंड म्हणत. वसतिगृहातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. देवापुढं ठेवलेल्या कुठल्याही दागिन्यापेक्षा मी ते डोरलं मोठं मानतो.

अडचण आहे ती ट्रस्टच्या खात्यातल्या पैशांची. ते ट्रस्टच्या घटनेत लिहिलेल्या उद्देशांसाठीच वापरता येतात. घटनेत शिक्षण किंवा आपत्तीतली मदत नसेल तर विश्वस्तांनी मनानं पैसे वळवू नयेत, धर्मादाय कार्यालयात विचारूनच पाऊल टाकावं.

१७. मिरजेच्या दर्ग्यात, सांगलीच्या जैन बस्तीत (मंदिरात) देण्याचे नियम वेगळे असतात का?

हो. मुसलमानांत जकात हे धर्मानं सांगितलेलं दान ऐच्छिक नाही : ठरावीक मर्यादेच्या वर बचत असेल तर वर्षाला तिचा चाळिसावा हिस्सा, आणि तो गरजू माणसाच्या हातात पडायला हवा. म्हणून जकातीचे पैसे मशिदीच्या बांधकामाला लावत नाहीत, त्याला चंदा वेगळा. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात गलेफ, म्हणजे कबरीवरची चादर, चढवायला सगळ्या जातिधर्मांचे लोक येतात, उरुसात पहिला गलेफ चर्मकार समाजाचा असतो. वक्फ म्हणून नोंद असलेल्या मिळकतीचा कारभार धर्मादाय आयुक्तांकडं नसून वक्फ मंडळाकडं असतो, तक्रार तिकडं करायची.

जैन बस्तीत अभिषेकाचा किंवा आरतीचा मान बोलीवर जातो. बोली बोलली की रक्कम लवकरात लवकर भरायची, थकवणं हा दोष मानतात. एकदा देवाला वाहिलेलं द्रव्य स्वतःच्या उपयोगाला आणत नाहीत. ही शिस्त आपल्या यात्रा कमिट्यांनीही घ्यावी. आमच्याकडं नारळाचे, साड्यांचे लिलाव जोरात होतात आणि पैसे दिवाळीपर्यंत येत राहतात.

१८. आई गेली. तिच्या देव्हाऱ्यात नवसाचं गाठोडं सापडलं : पाचशेच्या आठ जुन्या नोटा आणि एक पावली. हे कुठं द्यायचं?

कुठंच देऊ नका. ८ नोव्हेंबर २०१६ ला बंद झालेल्या त्या नोटा आता कुणी बदलून देत नाही, ट्रस्टही काही करू शकत नाही. २०१७ च्या कायद्यानं अशा दहापर्यंत नोटा जवळ ठेवता येतात, म्हणजे आठ असतील तर घाबरायचं कारण नाही. त्या पेटीत टाकल्यात तर मोजणीला बसलेल्यांना फक्त रद्द म्हणून बाजूला काढाव्या लागतात. दर खेपेला आमच्या जाजमावर अशा दोन-तीन निघतात. घडी उलगडली की कळतं, कुणीतरी वर्षानुवर्षं जपलेली असते ती.

आईचा नवस होता तर चालू नोटांत चार हजार भरा, एकदम जमत नसेल तर प्रश्न १० प्रमाणं थोडे थोडे. पावती आईच्या नावानं करा, मयत व्यक्तीच्या नावानं पावती होते, "कै." लावून. पावली गाठोड्यातच राहू द्या, देव्हाऱ्यात जिथं होती तिथं.